आधी पाणी, मग रॉड

रॉड आणि रील कोणतं घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, गरवायला उभं कुठं राहणार? खाडीच्या जेट्टीवर, पुळणीवर, कातळावर की होडीत? बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. मलाही विचारला नव्हता. ‘सगळीकडे चालतो’ असं सांगून मला दिलेल्या संचात एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा घडीचा रॉड होता, चकचकीत रील होतं आणि त्यावर आधीच गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, होता. डब्यावर बेअरिंगचा आकडा ठळक छापलेला. ड्रॅगबद्दल एक अक्षर नव्हतं.

रत्नागिरीजवळ भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. तिथल्या खाडीत पहिला पावसाळा यायच्या आत त्या संचानं मान टाकली. खारं पाणी आणि रेती जाऊन रॉडचे जोड रुतून बसले. रॉड ना पूर्ण उघडे, ना पूर्ण मिटे. त्याहून मोठा घात रीलनं केला. तांबोशीनं गळ गिळला की ती थेट खडकाच्या कपारीकडे धावते. त्या धावेत रीलनं दोरा अडवत अडवत, पण एकसारखा सोडायचा असतो. हे काम ड्रॅगचं. माझा ड्रॅग आधी घट्ट बसला, मग हिसका देऊन सुटला, आणि तंगूस कालवं लागलेल्या खडकावर घासून तुटला. तोंडात गळ घेऊन गेलेल्या त्या माशाचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून रील घेताना बेअरिंग मोजत बसू नका. ड्रॅगची कळ थोडी आवळा आणि दोरा हातानं ओढा. तो सुरुवातीलाही आणि नंतरही सारख्याच जोरानं सुटला पाहिजे. हिसके जाणवले तर ते रील परत द्या, कितीही स्वस्त मिळत असलं तरी. नवशिक्यानं स्पिनिंग रीलच घ्यावं. दांड्याच्या खाली बसतं ते. बेटकास्टर रील दिसायला देखणं असतं, पण फेकताना अंगठ्याचा दाब चुकला की स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेलं रीळ, दोऱ्यापेक्षा वेगानं फिरतं आणि सगळा गुंता होतो. तो सोडवण्यात भरती निघून जाते. खाडीसाठी 3000 किंवा 4000 क्रमांकाचं रील पुरतं. मात्र हे क्रमांक प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असतात, तेव्हा हातात घेऊन बघा.

आता रॉड. मुठीच्या वर बारीक अक्षरांत त्याची लांबी, झेपणारं वजन आणि दोऱ्याची ताकद लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जेट्टीवरून किंवा खाडीच्या काठावरून 7 ते 8 फुटांचा, दोन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा, 10 ते 30 ग्रॅम झेपणारा रॉड उत्तम. यात शिसं आणि आमिष दोन्हींचं वजन धरायचं. पुळणीवरून लाटांपलीकडे फेकायचं असेल तर लांबी आणि ताकद दोन्ही वाढवावी लागतात. होडीत मात्र लांब रॉड अडचणच करतो. रॉडवरच्या दोरा ओवायच्या कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, आणि ती चीर दोरा कापणार.

कार्बनचा रॉड हलका असतो, माशाचं टोचणंही त्यात लगेच कळतं; पण खडकावर आपटला तर तो तडकतो. फायबरग्लासचा जड, पण सोसणारा. लहान मुलासाठी मी तोच घेईन. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली रॉड उभा धरू नका, आणि वळवाचे ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून किनारा सोडा.

दोऱ्याच्या बाबतीत पहिल्या वर्षी साधा तंगूसच बरा. तो थोडा ताणला जातो, त्यामुळे हाताची घाई पोटात घालतो. वेणीचा दोरा, म्हणजे ब्रेड, बारीक आणि मजबूत खरा, पण कालवांवर लवकर कातरतो आणि बोटंही कापतो. 15 पौंडी तंगूस घ्या आणि पुढं हातभर जाड तंगुसाचा तुकडा जोडा, कारण जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची धार बारीक दोरा सहज कापते. स्पूल काठोकाठ भरू नका, दोनेक मिलिमीटर मोकळं ठेवा. नाहीतर फेकताना वेटोळीच्या वेटोळी बाहेर पडतात.

ड्रॅग किती आवळायचा? दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याइतका. 15 पौंडांना हे साधारण 2 किलो होतं. घरी 2 लिटरची पाण्यानं भरलेली बाटली दोऱ्याला बांधा, रील हातात धरून ती उचला. बाटली हळूहळू खाली उतरली पाहिजे. आणि मासा दोरा ओढत असताना हँडल फिरवू नका, त्यानं दोऱ्याला पीळ पडतो.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोरदार फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. पुसून सावलीत सुकवा आणि मग ड्रॅग सैल करून ठेवा. एवढं न केल्यानं चांगली रीलंही एका हंगामात गंजलेली मी पाहिली आहेत.

पैसे मोजकेच असतील तर रॉड साधा घ्या आणि उरलेले रीलवर घाला. तेवढेही नसतील तर दोर, गळ आणि शिसं घेऊन हातानंच गरवा. आपल्या किनाऱ्यावर कितीतरी जण तसेच मासे आणतात. फक्त तुटलेला, खराब झालेला तंगूस खडकावर किंवा पाण्यात टाकू नका. त्यात पक्षी आणि कासवं अडकून मरतात. तो गोळा करून घरी आणा.