४२९४९६७२९७ : नियम मोडणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या वहीत लिहून घ्या. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव! ही मूळ संख्या असेल काय?

प्रथम तिचे कूळ पाहू. २ पासून आरंभ करून दर वेळी आधीच्या संख्येचा वर्ग करा. २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ अशा संख्या मिळतील. प्रत्येकीत १ मिळवा, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि शेवटी आपली संख्या येईल. यांतील पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. फ्रान्समधील कायदेपंडित व गणिती फर्मा याने १६४० मध्ये असे मत मांडले, की या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता मात्र त्याने दिली नाही.

१७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले, की सहाव्या संख्येला ६४१ ने नि:शेष भाग जातो! हा भाजक कसा शोधावा? पुढे ऑयलरनेच सिद्ध केले, की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ या होत. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात उत्तर! २, ३, ५, ७ असे ओळीने भागत गेलो असतो, तर ६४१ चा क्रमांक ११६ वा लागला असता.

भागाकार न करताही हे पटवता येते. ६४१ = ६२५ + १६, आणि ६४१ = ५ × १२८ + १, एवढेच ध्यानात ठेवा.

आपली संख्या = १६ × (१२८ चा चौथा घात) + १.

१६ च्या जागी ६४१ – ६२५ लिहा. ६२५ हा ५ चा चौथा घात आहे, म्हणून ६२५ × (१२८ चा चौथा घात) = ६४० चा चौथा घात. तेव्हा,

आपली संख्या = ६४१ × (१२८ चा चौथा घात) – (६४० चा चौथा घात – १).

पहिल्या पदात ६४१ आहेच. कंसातील पदाचे अवयव पाडा : (६४० × ६४० + १) × (६४० + १) × (६४० – १). मधला अवयव ६४१ च! म्हणून संपूर्ण संख्येला ६४१ ने भाग जातो. भागाकार ६७००४१७ येतो. गुणून खात्री करा.

पाच उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही. तो मोडायला मात्र एकच उदाहरण पुरते. प्रयोगशाळेत चारपाच वाचने घेऊन आलेख काढताना हे विसरू नका. फर्माच्या मालिकेत पाचव्या संख्येनंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. पुढे एकही नाही, असे मात्र अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

तुम्ही सोडवा : ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार करा. उत्तर आपल्या संख्येहून किती कमी आहे? त्यावरून या पाचांपैकी एकीनेही आपल्या संख्येला भाग जात नाही, हे सिद्ध करा.