तळव्याची ऊब

नागपुराहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या वाटेवर वरोडा हे गाव लागते. या गावाबाहेरच्या खडकाळ माळावर बाबा आमटे व साधनाताई यांनी आनंदवनाचा पाया घातला. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढेच काय ते भांडवल! पुढे तेथे विहिरी झाल्या, शेते पिकू लागली, हातमाग आले, दवाखाना उभा राहिला. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या शेजारी अंध, कर्णबधिर व अपंग माणसेही येऊन राहिली आणि माळाचे गाव झाले. १९५४ साली परदेशांतील स्वयंसेवकांनी या लोकांबरोबर राहून येथे इमारती बांधल्या. बाहेरची तरुण माणसे पुढेही तेथे काम करावयास जात राहिली.

परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी अशीच एका उन्हाळ्यात महिनाभर तेथे गेली. कुष्ठरोगाविषयी तिने पुष्कळ वाचले होते. त्याचे जंतू नॉर्वेतील हॅन्सेन या वैद्याने १८७३ साली शोधून काढले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचविला, आणि त्या उपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, हे सारे तिला पाठ होते. बऱ्या झालेल्या माणसापासून कोणालाही बाधा होत नाही, हेही ती जाणत होती. तरीसुद्धा पहिल्या दिवशी एका आजींनी पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा तिचा हात क्षणभर अडखळला. आजींनी ते पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत. खुद्द बाबा आमटेही रस्त्याच्या कडेला पडलेल्या एका कुष्ठरुग्णाला पाहून प्रथम भयाने दूर पळाले होते. मागाहून त्या भयाचीच लाज वाटून ते परतले.

आजींच्या हातांची बोटे आखडलेली होती. दोन्ही पंजांत सूप धरून त्या तांदूळ निवडीत असत. त्यांचे कष्ट पाहून मुलीने एके दिवशी सूप आपल्याकडे ओढले आणि घटकाभरात सारे तांदूळ निवडून टाकले. आजी गप्प बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “हे काम माझे आहे, माय. ते तू केलेस, तर मी दिवसभर करू काय?”

मुलीला काय उत्तर द्यावे ते सुचेना.

आजींच्या पायांना संवेदना नव्हती. या रोगात मज्जातंतू बधिर होतात; काटा रुतला वा चटका बसला, तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस तसाच चालत राहतो, आणि जखम चिघळते. बोटे झडतात ती बहुधा अशा दुर्लक्षित जखमांमुळे, हे वेलोर येथील शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. वेदनेला आपण शत्रू समजतो, पण पायाची राखण तीच करते! म्हणून आजी रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून, त्यांना तेल लावून ते नीट पाहून घेत. वेताच्या खुर्च्या विणणारे एक अंध आजोबा शेजारी राहत. तेही त्या वेळी येऊन बसत आणि आपल्या हाताची मागची बाजू आजींच्या दोन्ही तळव्यांना आळीपाळीने लावून पाहत.

एका संध्याकाळी आजोबा म्हणाले, “उजवा तळवा अंगठ्याखाली ऊन लागतो आहे. डावा तसा नाही.”

मुलीने कंदिलासारखा दिवा जवळ धरून पाय निरखला. जखम नव्हती, सूज नव्हती, लालीही नव्हती. “काही नाही, आजी. पाय अगदी चांगला आहे,” ती ठामपणे म्हणाली. आजोबा उगे राहिले. ती शिकलेली होती. आजींनी तिचे ऐकले. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे हिंडल्या, फिरल्या.

त्या संध्याकाळी अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड आला होता.

“चपला आणा पाहू,” आजोबा म्हणाले. त्या मऊ रबराच्या चपला त्यांनी मांडीवर घेतल्या आणि आतून बोटे फिरविली. उजव्या चपलेवर बोट थांबले. बाभळीचा काटा तळातून आरपार आला होता. त्याचे टोक जेमतेम तिळाएवढे वर डोकावत होते. मुलीने आदल्या दिवशी ती चपल पाहिलीच नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोडावर पट्टी बांधली आणि पंधरा दिवस पाय टेकावयाचा नाही, असे बजावले. जखम खोल गेली नव्हती, हे भाग्य. मुलगी रात्री आजींच्या खाटेशी बसून रडली. आजी म्हणाल्या, “रडतेस कशाला? सकाळी तांदूळ इथे आणून दे, म्हणजे झाले.”

सकाळी तिने सूप आणि तांदूळ खाटेवर नेऊन ठेवले, आणि हात मागे घेतला. चपल दुरुस्तीला घेऊन ती कार्यशाळेत गेली. तेथील तरुण कर्णबधिर होता. ती त्याच्या पाठीमागून बोलू लागली, तेव्हा त्याने वळूनही पाहिले नाही. मग ती समोर आली आणि बोटाने भोक दाखविले. त्याने चपल उलटून पाहिली व हसून तळ बदलून दिला.

संध्याकाळी ती आजोबांकडे गेली. “मला शिकवाल?” तिने विचारले. आजोबांनी तिला डोळे मिटावयास सांगितले. “तळहात नको, मागची बाजू लाव. घाई करू नकोस. एकच पाय पाहशील, तर कळणार नाही; दोन्ही पाहा.” पहिले तीन-चार दिवस तिला काहीच उमगले नाही. आठवड्याअखेर उजव्या पायाची ऊब उतरत चालली आहे, हे तिच्या हाताला कळले. तिने डोळे उघडले, तेव्हा आजोबा मान डोलावीत होते.

महिना संपला. आपल्या रुग्णालयात ती परतली, तेव्हा तिच्या कक्षात मधुमेहाने आजारी असलेले एक शेतकरी होते. मधुमेहातही पाय असेच बधिर होतात. नोंदीच्या कागदावर “जखम नाही” असे लिहिलेले होते. ती खाटेच्या पायथ्याशी बसली.

“काका, पायाला हात लावू का?” तिने विचारले.

“लाव की,” ते म्हणाले. तिने डोळे मिटले आणि हाताची मागची बाजू प्रथम त्यांच्या डाव्या तळव्याला लावली, मग उजव्या.