बास्केटबॉलचा नामांकित संघ कशाने घडतो?

एखाद्या कॉलेजच्या संघाचे नाव झाले की लोक दोनच कारणे सांगतात : उंच खेळाडू मिळाले, नाही तर पैसा मिळाला. दोन्ही खोटी नाहीत. पण मला तिसरे कारण जास्त मोलाचे वाटते, ते म्हणजे शिकवणे. या खेळाचा जन्मच मुळी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या एका प्रशिक्षण-विद्यालयात, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाच्या हातून झाला.

उदाहरण घेते ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूसीएलएचे. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत या संघाने दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्यांत १९६७ पासून सलग सात! १९७१ ते १९७४ या काळात ओळीने ८८ सामने जिंकले. हे आकडे सर्वांना पाठ असतात. पण प्रशिक्षक जॉन वूडन तेथे आले १९४८ साली आणि पहिले अजिंक्यपद लाभले ते त्यांच्या सोळाव्या मोसमात, हे फारसे कोणी सांगत नाही. तोवर सराव चाले तो एका कोंदट व्यायामशाळेत. शेजारी कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्स. सरावाआधी वूडन स्वतः मदतनिसांबरोबर फरशी पुसत. १९५५ च्या सुमारास ती जागा प्रेक्षकांना धोक्याची ठरली, तेव्हा सामने बाहेरच्या सभागृहांत खेळावे लागले. पॉली पॅव्हिलियन हे भव्य क्रीडागृह उघडले १९६५ मध्ये, म्हणजे दोन अजिंक्यपदे पदरात पडल्यानंतर. इमारत आधी की संघ आधी, याचे उत्तर येथे मिळते.

१९६४ चा तो संघ तर बुटकाच म्हणायचा. साडेसहा फूट उंचीचा एकही मुख्य खेळाडू त्यात नव्हता. जेरी नॉर्मन या साहाय्यकाच्या आग्रहाने त्यांनी पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला घेरण्याचा डाव बसवला आणि तीसच्या तीस सामने जिंकले.

वूडन मूळचे इंग्रजीचे शिक्षक. सरावाची मिनिटामिनिटाची आखणी ते कार्डावर लिहून आणीत. मोसमाच्या पहिल्या दिवशी ते शिकवीत काय, तर मोजे आणि बूट कसे घालावेत! मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, आणि फोड आला की खेळाडू बसून राहतो. देशभर गाजलेल्या मुलांनाही हा धडा चुकत नसे. वाचणाऱ्याला हसू येईल. मला आले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ग्रंथालयाचे कार्ड कसे भरायचे येथपासून ज्याला सारे नवे असते, त्याला ‘हे तर येतच असेल’ असे न धरता शिकवणारा माणूस केवढा आधार वाटतो!

रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या मोसमात वूडन यांच्या बोलण्याची सरावात बसून नोंद केली. शंभरात सुमारे पंचाहत्तर वेळा ते काहीतरी शिकवत होते. शाबासकी सात वेळाही नव्हती, आणि रागावणेही जवळजवळ तितकेच.

आता उंच खेळाडूंचे. सात फुटांहून उंच ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, १९६५ मध्ये दाखल झाले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मुख्य संघात खेळू नये, असा तेव्हा नियम होता. त्यांच्या नवख्या संघाने विद्यापीठाच्या अजिंक्य संघालाच ७५-६० असे हरवले, तरी त्यांना वर्षभर थांबावे लागले. मला तो नियम आवडतो. आधी विद्यार्थी, मग खेळाडू.

पैशाची बाजूही झाकून चालणार नाही. सॅम गिल्बर्ट हे धनिक हितचिंतक खेळाडूंना मदत करीत आणि त्या प्रकरणी १९८१ साली यूसीएलएवर कारवाई झाली. तेव्हा सारे यश मोज्यांतून आले, असे मी म्हणणार नाही. पण श्रीमंत हितचिंतक इतरही विद्यापीठांना होते. बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे कुणालाच साधली नाहीत. वूडन १९७५ मध्ये निवृत्त झाले. क्रीडागृह तेच, शहर तेच, नावही तेच. पण त्यानंतर पुरुष संघाला अजिंक्यपद मिळाले ते एकदाच, १९९५ साली.

२०२१ पासून तेथील खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवता येतात आणि वर्ष न गमावता दुसऱ्या विद्यापीठात जाता येते. गरीब घरच्या मुलाच्या हाती चार पैसे पडतात, हे चांगलेच झाले. पण दर वर्षी संघ बदलणाऱ्या मुलाला शिकवायला प्रशिक्षकाच्या हाती एकच मोसम उरतो, आणि प्रशिक्षकाला सोळा मोसम देणारे विद्यापीठ तर आज शोधूनही सापडणे कठीण.