पीडीएफ करताना मराठी कुठे जाते?

प्रश्न : मी केज तालुक्यातल्या एका शाळेत लिपिक आहे. वर्डमध्ये कृतिदेवमध्ये टाइप केलेलं पत्र मोबाइलवर पीडीएफ केलं, की सगळी इंग्रजी अक्षरं उमटतात. फाइलला व्हायरस लागला असेल का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : नाही, घाबरू नका. मजकूर शाबूत आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टच्या फाइलीत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. मोबाइलमध्ये तो फॉन्ट नसला, की ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच असा उघडा पडतो.

म्हणून पत्र ज्या संगणकावर टाइप केलं, तिथूनच ‘सेव्ह ॲज’ने पीडीएफ करा. मग ॲक्रोबॅट रीडरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट्स’ उघडा. नावापुढे ‘एम्बेडेड’ दिसलं, तर फॉन्ट फाइलीतच बसला. पत्र कुठेही नीट दिसेल.

कायमचा इलाज युनिकोडच : मंगल किंवा निर्मला. जुनी पत्रं कन्व्हर्टरने बदलता येतात, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास घोटाळा करतात, तेव्हा एकदा नजरेखालून घालाच. आणि विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक असलेली फाइल फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर अजिबात चढवू नका.