जाहिरात अडवावी की नाही?



आपल्या शाळेची स्मरणिका निघते ती दुकानदारांनी दिलेल्या जाहिरातींच्या बळावर. इंटरनेटवरील पुष्कळ वृत्तपत्रेही अशीच चालतात. वाचक पैसे देत नाही, जाहिरातदार देतो.

मात्र एक मोठा फरक आहे. स्मरणिकेतील जाहिरात आपल्यावर नजर ठेवत नाही. इंटरनेटवरील जाहिराती बहुधा आपण काय वाचतो याची नोंद घेतात. काही तर फसव्या संकेतस्थळावर नेऊन सोडतात. म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने नागरिकांना ॲड ब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला.

हे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये बसते. त्याच्याजवळ जाहिराती पुरविणाऱ्या पत्त्यांची यादी असते. पान उघडताना त्या पत्त्यांकडे जाणारी मागणी ते वाटेतच रोखते.

प्रकाशक विचारतात, मग बातमीदाराचा पगार कोठून द्यायचा? जर्मनीतील ॲक्सेल स्प्रिंगर ही प्रकाशन संस्था ‘ॲडब्लॉक प्लस’च्या विरोधात न्यायालयात गेली. १९ एप्रिल २०१८ रोजी तेथील संघीय न्यायालयाने, हे सॉफ्टवेअर देणे म्हणजे अनुचित स्पर्धा नव्हे, असा निकाल दिला.

कायद्याचे उत्तर मिळाले, तरी आपले कर्तव्य उरतेच. माझे मत असे की, सुरक्षिततेसाठी ॲड ब्लॉकर अवश्य लावावा. पण ज्या विश्वासू वृत्तपत्राचा आपण रोज लाभ घेतो, तेथे तो बंद ठेवावा किंवा वर्गणी भरावी.

पालकांनी मुलांसोबत बसून अशा संकेतस्थळांची यादी जरूर करावी.