नणंदेची गोळी मी घेऊ का?

प्रश्न : वय ३८, वजन ८६ किलो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. अमेरिकेतल्या नणंदेला डॉक्टरांनी भूक कमी करणारं फेंटरमिन दिलं होतं. उरलेल्या गोळ्या मी घेऊ का?

उत्तर : कृपया घेऊ नका. फेंटरमिन नॉरएड्रिनॅलिन वाढवून भूक दाबतं. त्यानेच छातीत धडधड होते, रक्तदाब चढतो, झोप उडते. अमेरिकेतही ते आहार-व्यायामाच्या जोडीला, काही आठवड्यांपुरतंच मान्य आहे. भूक मारणारं सिबुट्रामिन तर हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे तिथे २०१० मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं.

आधी थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. वजन ५ टक्के, म्हणजे साधारण चार किलो उतरलं तरी रक्तदाबाला फायदा होतो. औषध लागलंच, तर ते तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवावं.