प्रक्षेत्रावरील अपघात : पहिल्या दिवसाची नोंद आणि नुकसानभरपाईचा हक्क

कृषी विद्यापीठ म्हटले की वर्गखोल्या, प्रयोगशाळा आणि नवे वाण डोळ्यांसमोर येतात. परंतु विद्यापीठाचे कष्टाचे काम प्रक्षेत्रावर चालते. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, रोटाव्हेटर, फवारणी पंप, विहिरीवरील विजेची मोटर आणि गोठ्यातील जनावरे यांच्या सान्निध्यात दिवस काढणाऱ्यांपैकी अनेकजण रोजंदारीवर किंवा कंत्राटदारामार्फत आलेले असतात. नियमित कर्मचाऱ्यास इजा झाली तर त्याच्या मागे सेवानियम उभे असतात. केंद्रीय रजा नियम लागू असलेल्या संस्थांत कामाशी निगडित आजार व इजेसाठी स्वतंत्र रजेची तरतूद आहे. रोजंदारी मजुराच्या मागे मात्र केवळ नुकसानभरपाईचा कायदा असतो. हा कायदा त्याच्या बाजूने पुरेसा भक्कम आहे. दावा कोलमडतो तो बहुधा अपघाताच्या दिवशी कोणी काही लिहून न ठेवल्यामुळे.

कायद्याचे छत्र कोणावर?

1923 सालचा कामगार नुकसानभरपाई अधिनियम 1 जुलै 1924 पासून अमलात आला. 2009 च्या दुरुस्तीने त्याच्या नावात ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द आला. आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावला गेला असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. जुन्या कायद्यातील ‘आयुक्त’ संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ झाला आहे. दायित्वाची मूळ तत्त्वे तीच आहेत.

‘हा तर तात्पुरता माणूस’ ही सबब प्रक्षेत्रावर आजही ऐकू येते. नैमित्तिक स्वरूपाच्या कामावरील व्यक्तींना वगळणारे शब्द 2000 सालच्या दुरुस्तीनेच कायद्यातून काढून टाकण्यात आले. ट्रॅक्टर वा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती, यंत्राने होणारी कापणी व मळणी आणि कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी ही कामे कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी आहेत. मजूर कंत्राटदाराचा असला तरी ज्याच्या कामासाठी तो आणला गेला त्या मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते; मुख्य मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावयाची असते. कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ लागू असलेल्यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना तेथूनच लाभ मिळतो. म्हणून वेतनातून त्या विम्याची वर्गणी कापली जाते काय, हे आरंभीच पाहून घ्यावे.

इजा ‘कामामुळे व कामाच्या ओघात’ झालेली असावी, ही मुख्य अट होय. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. मजुराचा साधा निष्काळजीपणाही दाव्याच्या आड येत नाही. नशेत असणे, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे किंवा यंत्राचे संरक्षक आवरण जाणूनबुजून काढणे, हे मालकाचे बचाव आहेत. परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत.

कामावर जाण्यायेण्याच्या वाटेवरील अपघाताचा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला असता वाटेतच मृत्युमुखी पडला होता. अपघात 2003 चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 2025 चा. अपघाताची वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा कामाशी संबंध प्रस्थापित होत असेल तर असा अपघातही कामाच्या ओघातील मानता येतो, असे न्यायालयाने ठरवले. संहितेतही याच आशयाची तरतूद आहे. रात्रीच्या विजेवर पाणी देण्यासाठी प्रक्षेत्रावर जाणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. मात्र त्या रात्री त्याला कामावर बोलावले होते, हे दाखवणारी पाळीची नोंद हवी.

पहिल्या दिवसाची नोंद

कायद्यातील सूचनेचे स्वरूप अत्यंत सोपे आहे. जखमी व्यक्तीचे नाव व पत्ता, इजेचे कारण आणि तारीख एवढे साध्या भाषेत लिहून, शक्य तितक्या लवकर मालकास द्यावयाचे असते. दावा घटनेपासून 2 वर्षांत दाखल करावा लागतो. मालकास अपघाताची माहिती अन्य मार्गाने झाली असेल तर सूचना दिली नाही एवढ्यावरून दावा फेटाळला जात नाही, आणि पुरेसे कारण असल्यास विलंबही माफ होऊ शकतो. तथापि या सवलतींवर विसंबणे शहाणपणाचे नाही. माहिती होती हे सिद्ध करण्याची वेळ येते, तोवर मुकादम बदललेला असतो आणि सोबतचे मजूर दुसऱ्या गावी गेलेले असतात.

कडबाकुट्टीत चारा ढकलताना एखाद्या मजुराचा अंगठा तुटला, असे समजा. पर्यवेक्षक त्याला घाईने रुग्णालयात नेतो. तेथे ‘काय झाले?’ असे विचारले असता, चौकशीचा ससेमिरा नको म्हणून ‘घरी लागले’ असे सांगितले जाते. रुग्णालयाच्या कागदावरील हे दोन शब्द पुढे मजुराच्या सर्वांत मोठ्या शत्रूचे काम करतात. कारण सांगताना यंत्राचे नाव, कामाचे ठिकाण, वेळ आणि काम कोणी दिले होते, हे स्पष्ट सांगावे. जखमी बेशुद्ध असल्यास सोबत गेलेल्याने सांगावे. केसपेपरची प्रत त्याच दिवशी घ्यावी.

इकडे प्रक्षेत्र अधीक्षकाने हजेरीपटावर त्या दिवसाची नोंद असल्याची खात्री करावी. अनेक ठिकाणी हजेरी आठवड्याच्या शेवटी एकदम भरली जाते. अपघातग्रस्ताचे नाव त्यातून ‘गळते’ ते अशा वेळी. यंत्र जागेवरून हलवण्यापूर्वी आवरणासह त्याचे छायाचित्र घ्यावे आणि उपस्थित दोघांची नावे व सह्या घ्याव्यात. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली आणि अन्य कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक असेल, तर जुन्या कायद्याप्रमाणे आयुक्तांकडेही 7 दिवसांत अहवाल जावयास हवा. प्रामाणिक नोंद संस्थेसही उपकारक ठरते. यंत्राला आवरण होते आणि ते वापरण्याची सूचना दिली होती, हे सांगावयाचे तर त्यालाही कागदच लागतो.

फवारणीतील विषबाधेची नोंद अधिक अवघड असते, कारण येथे जखम दिसत नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली आणि किमान 20 जण दगावले. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे पुष्कळदा घरी पोचल्यावर जाणवतात आणि उन्हाचा त्रास म्हणून सोडून दिली जातात. फवारणीच्या नोंदवहीत रसायनाचे नाव, मिसळलेली अन्य औषधे, मात्रा, फवारणी करणाऱ्याचे नाव आणि सुरुवात व शेवटाची वेळ असावी. रिकामी बाटली किंवा तिच्यावरील लेबल रुग्णालयात सोबत न्यावे. उपचारासाठी ते तातडीचे असते, दाव्यासाठी ते पुरावा ठरते. फॉस्फरसच्या विषारी संयुगांमुळे होणारे आजार तसेच जनावरे वा त्यांची शवे हाताळणाऱ्यांना होणारे संसर्गजन्य आजार यांचा व्यावसायिक आजारांच्या यादीत समावेश आहे. पशुवैद्यकीय प्रक्षेत्रांनी ब्रुसेलोसिसच्या संदर्भात याची विशेष दखल घ्यावी.

रक्कम कशी ठरते?

कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, मृत्यूसाठी 50 टक्के रकमेस. वरील उदाहरणातील मजुराचे वय 35 आणि मासिक वेतन 12,000 रुपये धरू. या वयाचा गुणक 197.06 आहे. 7,200 गुणिले 197.06 म्हणजे 14,18,832 रुपये. अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेची हानी 30 टक्के मानली जाते. म्हणजे भरपाई सुमारे 4,25,650 रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याखेरीज मिळतो. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम मिळते. मात्र अपंगत्व 3 दिवसांपेक्षा अधिक टिकले पाहिजे. जुन्या कायद्यात हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून 15,000 रुपये होती.

टक्केवारी नेहमी कोष्टकातूनच येते असे नाही. डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात, एका हाताने सुतारकाम अशक्य आहे म्हणून हानी 100 टक्के धरलेली सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली कायम ठेवली. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, निकालापासून नव्हे, हेही त्याच निर्णयाने स्पष्ट केले. महिन्याभरात रक्कम न दिल्यास 12 टक्के व्याज लागते. विलंबास योग्य कारण नसेल तर थकीत रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही होतो.

यावर गावोगावी एक उपाय योजला जातो. मुद्रांक कागदावर ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेऊन थोडी रक्कम हातावर ठेवली जाते. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई थेट वारसांच्या हाती देणे ही भरपाईच मानली जात नाही. ती आयुक्तांकडे, आता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. भोळ्या समजुतीने रोख रक्कम देऊन मोकळा झालेला मालक दुसऱ्यांदा देण्यास बांधील राहू शकतो.

हा मालक विद्यापीठच असेल असे नाही. ट्रॅक्टर व मळणी यंत्र बाळगून मजूर लावणारा शेतकरीही या कायद्याच्या दृष्टीने मालकच आहे. महाराष्ट्रातील गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन मजूर त्या नात्याने तिच्या बाहेर राहतो. मजुरांच्या जोखमीसाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कर्मचारी नुकसानभरपाई विमा मिळतो. ट्रॅक्टरच्या विम्यात पगारी चालकाची जोखीम धरली आहे काय, हेही हंगामापूर्वी विमापत्र उघडून पाहावे. ट्रॉलीत बसून जाणाऱ्या मजुरांना त्या विम्याचे संरक्षण आहे, असे गृहीत धरू नये.